पांढरा ठिपका म्हणजे काय? सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचताना

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी इंग्रजी कागद वाचून दाखवायचं काम कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडे येतं. बँकेचं पत्र, विम्याचा फॉर्म, रक्ताचा रिपोर्ट, सगळं आपल्या पुढ्यात. बेळगावात तर घरात मराठी किंवा कोंकणी, दुकानात कन्नड आणि दवाखान्याच्या कागदावर इंग्रजी, त्यामुळे मधला माणूस लागतोच. माझ्याकडे आलेल्या कागदांत सगळ्यात अवघड होते ते गरोदरपणातल्या सोनोग्राफीचे रिपोर्ट. त्यातले शब्द शब्दकोशात सापडतात, पण त्यांचं वजन किती हे शब्दकोश सांगत नाही. एखाद्या ओळीमुळे अख्खं घर दोन दिवस नीट जेवत नाही आणि नंतर कळतं की त्या ओळीत घाबरण्यासारखं काही नव्हतंच. कधी उलटंही होतं. खरी महत्त्वाची ओळ 'असेल काहीतरी' म्हणून मागे पडते.

म्हणून हा लेख. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे यात उपचाराचा सल्ला नाही. पोटातल्या बाळाच्या गुणसूत्रांत फरक असेल तर तो सोनोग्राफीत कसा ओळखतात, किती ओळखता येतो आणि कुठे ओळखता येत नाही, एवढंच मला समजलं तसं सांगते.

आवाजाने काढलेलं चित्र

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, आवाज असतो. माणसाला सेकंदाला साधारण 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीचा आवाज सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा असतो. जेल लावून पोटावर जो प्रोब फिरवतात त्यातून हा आवाज आत जातो, वेगवेगळ्या अवयवांवर आपटून परत येतो, आणि परतायला किती वेळ लागला, किती जोराने परतला यावरून मशीन चित्र काढतं. हाडावरून आवाज जोरात परततो, म्हणून हाड पांढरं दिसतं. पाणी त्याला जवळजवळ परत पाठवतच नाही, म्हणून गर्भजल, मूत्राशय, रक्त काळं दिसतं. पांढरं म्हणजे घट्ट, काळं म्हणजे पातळ, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं अर्धं काम सोपं होतं.

हे तंत्र प्रसूतिशास्त्रात आणलं ते ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी. जॉन मॅकव्हिकार हे डॉक्टर आणि टॉम ब्राउन हे इंजिनिअर यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध 1958 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला जे ध्वनियंत्र वापरत, त्याच धर्तीवर त्यांनी माणसाच्या पोटात पाहिलं.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. सोनोग्राफीत गुणसूत्रं दिसत नाहीत. ती पेशीच्या आत असतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीच मोजता येतात. सोनोग्राफीत दिसतो तो बाळाचा आकार. गुणसूत्रांत फरक असेल तर आकारात काही ठराविक खुणा उमटण्याची शक्यता वाढते. त्या खुणांवरून आपण मागे जाऊन अंदाज करतो. तो अंदाज असतो, मोजणी नसते.

सेहेचाळीसचा हिशेब

माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, म्हणजे 23 जोड्या. ही संख्यासुद्धा 1956 सालापर्यंत चुकीची शिकवली जात होती. जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमध्ये नीट मोजून 46 सांगितली, त्याआधी पाठ्यपुस्तकांत 48 होती.

बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जायला हवं. कधीकधी जोडी सुटत नाही आणि दोन्ही एकत्र जातात. मग बाळाच्या पेशीत त्या क्रमांकाची तीन गुणसूत्रं येतात. याला ट्रायसोमी म्हणतात. 21 क्रमांकाची तीन असली तर डाऊन सिंड्रोम, 18 ची असली तर एडवर्ड्स सिंड्रोम, 13 ची असली तर पटाऊ सिंड्रोम. कधी एक गुणसूत्र कमी पडतं. मुलीत दोनऐवजी एकच एक्स असेल तर तो टर्नर सिंड्रोम.

बहुतेक वेळा हे निव्वळ योगायोगाने होतं. थोड्या घरांत आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते, त्याची वेगळी तपासणी करतात. पण आईने काय खाल्लं, ग्रहणात सुरी हातात धरली का, सातव्या आठवड्यात स्कूटरवर बसली का, यातल्या कशानेही गुणसूत्रं वाढत नाहीत. हे घरात मोठ्याने सांगावं लागतं, कारण रिपोर्ट वाईट आला की पहिली उलटतपासणी आईची होते.

वयाचा संबंध मात्र आहे. डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ जन्मण्याची शक्यता आईच्या विसाव्या वर्षी सुमारे 1,500 त एक, पस्तिसाव्या वर्षी सुमारे 350 त एक आणि चाळिसाव्या वर्षी सुमारे 100 त एक असते. तरीही तरुण वयात बाळंतपणंच जास्त होत असल्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेल्या कितीतरी मुलांच्या आया पस्तिशीच्या आतल्या असतात. म्हणून 'मी तर पंचविशीचीच आहे' एवढ्यावर विषय संपत नाही.

तिसऱ्या महिन्याअखेरची काळी पट्टी

पहिली महत्त्वाची तपासणी 11 आठवडे पूर्ण झाल्यापासून 13 आठवडे 6 दिवसांपर्यंत होते. आपल्याकडे तिला एनटी स्कॅन म्हणतात. या वेळी बाळ डोक्यापासून बुडापर्यंत 45 ते 84 मिलिमीटर असतं, म्हणजे आपल्या बोटाएवढं.

या दिवसांत प्रत्येक बाळाच्या मानेमागे, कातडीखाली थोडं पाणी साचलेलं असतं. पाणी म्हणून ते काळं दिसतं. या काळ्या पट्टीची जाडी मोजतात. पट्टी असणं हा आजार नाही, ती सगळ्यांनाच असते. ती ठराविक मापापेक्षा जाड असली तर गुणसूत्रांत फरक असण्याची शक्यता वाढते. हृदयाची रचना, लसिकावाहिन्यांची वाढ, कातडीखालच्या ऊतींचा पोत, अशी त्याची वेगवेगळी कारणं मानली जातात. 14 आठवड्यांनंतर हे पाणी सहसा ओसरतं, म्हणून तारीख चुकवून चालत नाही.

माप दशांश मिलिमीटरमध्ये असतं, त्यामुळे ते घेण्याची पद्धत फार काटेकोर आहे. बाळ बरोबर बाजूने दिसलं पाहिजे, मान ना वाकलेली ना मागे टाकलेली, आणि पडद्यावर फक्त डोकं आणि छातीचा वरचा भाग भरून राहील इतकं चित्र मोठं केलेलं. मान मागे गेली तर माप वाढतं, छातीला टेकली तर कमी होतं. म्हणून बाळ नीट वळेना तर आईला 'जरा चालून या' म्हणून सांगतात. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, आत काहीतरी सापडलं. तसं काही नसतं.

जाडी 3.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त शंभरांत साधारण एकाच बाळाची असते. तेव्हा पुढच्या तपासण्या सुचवतात. गुणसूत्रं 46 च निघाली तरी बाळाचं हृदय पुन्हा नीट पाहतात, कारण जाड पट्टी हृदयाच्या दोषाचीही खूण असू शकते. आणि गुणसूत्रं ठीक, हृदय ठीक असलं तर अशी पुष्कळ बाळं धडधाकट जन्मतात.

याच वेळी नाकाचं हाड पाहतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी 60 ते 70 टक्क्यांत ते या आठवड्यांत दिसत नाही, इतर बाळांत मात्र फार थोड्यांत ते दिसायचं राहतं. गंमत अशी की जॉन लँग्डन डाऊन या इंग्लिश डॉक्टरने 1866 साली या मुलांचं वर्णन करताना नाक लहान आणि कातडी अंगाला सैल असल्याचं नोंदवलं होतं. सव्वाशे वर्षांनी, 1992 मध्ये, लंडनच्या किप्रोस निकोलायडिस यांच्या गटाने मानेमागच्या पाण्याचा निबंध प्रसिद्ध केला. जे डाऊन यांना जन्मलेल्या मुलांत दिसलं, तेच आता बोटाएवढ्या बाळात मोजलं जाऊ लागलं.

फक्त वय आणि मानेमागची जाडी धरली तर डाऊन सिंड्रोमची चारांतली सुमारे तीन बाळं ओळखू येतात. आईच्या रक्ताची डबल मार्कर तपासणी जोडली की दहांतली सुमारे नऊ.

पाचव्या महिन्यात काय पाहतात

18 ते 20 आठवड्यांच्या आसपास अ‍ॅनोमली स्कॅन होतो. यात डोक्यापासून पायाच्या तळव्यापर्यंत एकेक अवयव पाहतात. आता बाळाची रचना दिसायला पुरेशी मोठी झालेली असते.

इथे 'सिंड्रोम' या शब्दाकडे एकदा बघू या. मूळ ग्रीक अर्थ 'एकत्र धावणारे'. मराठीत परिभाषा करणाऱ्यांनी 'संलक्षण' असा शब्द केला आहे. एकटं लक्षण म्हणजे सिंड्रोम नव्हे, बरोबर येणाऱ्या लक्षणांचा जथा म्हणजे सिंड्रोम. डॉक्टर एक खूण दिसली की तिच्या सोबती शोधतात ते याचसाठी.

डाऊन सिंड्रोममध्ये हृदयाच्या मधोमध, जिथे चार कप्पे एकमेकांना भेटतात, तिथेच मोठी फट राहू शकते. जठराच्या पुढचं आतडं बंद असेल तर पोटात एकाऐवजी दोन काळे फुगे दिसतात. याला 'डबल बबल' म्हणतात, मात्र हा बहुधा पाचव्या महिन्यानंतरच स्पष्ट होतो. मानेमागची कातडी या वेळी 6 मिलिमीटर किंवा जास्त जाड असणं हीही वजनदार खूण आहे.

एडवर्ड्स सिंड्रोममध्ये बाळाची वाढ खुंटलेली असते, मुठी घट्ट मिटलेल्या असतात आणि तर्जनी शेजारच्या बोटावर चढलेली असते. मूठ उघडतच नाही. डोक्याचा आकार स्ट्रॉबेरीसारखा दिसू शकतो, पायाचा तळवा खालून फुगीर, आतड्याचा भाग बेंबीतून बाहेर, हृदयात दोष. पटाऊ सिंड्रोममध्ये मेंदूचे दोन अर्धे नीट वेगळे झालेले नसतात, ओठ आणि टाळू फाटलेली, हातापायाला सहावं बोट, मूत्रपिंडं मोठी आणि पांढरट. टर्नरमध्ये मानेमागे पाण्याची मोठी गाठ आणि कधी सर्वांगाला सूज. असे बरेचसे गर्भ आपोआप पडतात, पण ज्या मुली जन्मतात त्या पुढे शिकतात, नोकऱ्या करतात.

साहित्यवाल्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. या डॉक्टरांची भाषा उपमांनी भरलेली आहे. स्ट्रॉबेरी झाली, फुगे झाले. पाठीचा कणा उघडा राहिला असेल तर डोकं लिंबासारखं आणि लहान मेंदू केळ्यासारखा दिसतो, त्या खुणांना खरंच 'लेमन' आणि 'बनाना' म्हणतात. मूत्रमार्ग अडला असेल तर मूत्राशय कुलपाच्या भोकासारखं दिसतं, ते 'की-होल'. अंधुक करड्या चित्रात काय शोधायचं हे नवख्या डॉक्टरला दाखवायला उपमेइतकं सोपं साधन नसावं. पण ही उपमा डॉक्टरांनी आपापसांत वापरायची आहे. 'बाळाचं डोकं लिंबासारखं आहे' हे वाक्य घरी पोहोचलं की त्याचं काय होईल ते सांगायला नको.

खूण वेगळी, व्यंग वेगळं

आता ज्या ओळीसाठी मुळात मी हे सगळं वाचलं, ती ओळ.

माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या पाचव्या महिन्याच्या रिपोर्टात लिहिलं होतं: डाव्या जवनिकेत इकोजेनिक इंट्राकार्डियाक फोकस. दवाखान्यात गर्दी होती, कुणी समजावलं नाही. ताईने फोटो काढून मला पाठवला आणि फोन केला. मी शब्द फोडून सांगायला लागले, "हृदयात एक पांढरा ठिपका..." पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "हृदयात डाग आहे म्हणते." संध्याकाळपर्यंत त्याचं 'हृदयाला भोक' झालं होतं आणि गावाहून दोन फोन येऊन गेले होते.

त्या ओळीचा अर्थ असा. हृदयाच्या कप्प्यात झडपेच्या दोऱ्या धरून ठेवणारे छोटे स्नायू असतात. त्यात कॅल्शियमचा बारीक कण बसला की तो हाडासारखा पांढरा चमकतो. हृदयाच्या कामात त्याने काही फरक पडत नाही. शंभर निरोगी बाळांत तीन ते पाच जणांत तो सापडतो, आशियाई आयांच्या बाळांत त्याहूनही जास्त. डाऊन सिंड्रोमच्या बाळांत तो थोडा अधिक वेळा दिसतो, एवढाच त्याचा त्या सिंड्रोमशी संबंध.

अशा गोष्टींना सॉफ्ट मार्कर म्हणतात. मी त्याचं मराठी 'कच्ची खूण' असं करते. मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये पाण्याचा फुगा, मूत्रपिंडात थोडं जास्त पाणी, पांढरट आतडं, मांडीचं हाड थोडं आखूड, ही सगळी त्याच घरातली. यातल्या बहुतेक खुणा स्वतः आजार नसतात आणि त्यातल्या काही पुढच्या तपासणीत नाहीशा होतात. याउलट हृदयातली फट किंवा बंद आतडं हे व्यंग आहे. ते गुणसूत्रं ठीक असली तरी व्यंगच राहतं आणि त्याच्यावर उपचार लागतात.

सगळ्या कच्च्या खुणांचं वजन सारखं नसतं. ठिपका किंवा मेंदूतला फुगा एकटाच असेल, बाकी अवयव नीट असतील आणि आधीची रक्ततपासणी कमी जोखमीची असेल, तर त्यासाठी पुढे काही करायची गरज नाही असंच आज तज्ज्ञ संस्था सांगतात. नाकाचं हाड नसणं किंवा मानेमागची जाड कातडी यांचं वजन मात्र जास्त. पांढरट आतड्यामागे गुणसूत्रांखेरीज संसर्ग किंवा वाढ खुंटणं अशीही कारणं असू शकतात, म्हणून तिथे आणखी शोध घेतात.

'कर' हा शब्द एकटा दिला तर त्याचा अर्थ हात, टॅक्स की 'काम कर' मधला कर, हे आपण सांगू शकत नाही. वाक्य लागतं. कच्च्या खुणेचंही तसंच. आईचं वय, आधीचा एनटी, रक्ताचे आकडे आणि बाकीचं सगळं बाळ हे तिचं वाक्य. ताईच्या रिपोर्टात पुढच्याच ओळीत हृदयाचे चारही कप्पे व्यवस्थित असल्याचं लिहिलं होतं. घरात ती ओळ कुणी ऐकलीच नव्हती.

1:250 चा अर्थ

रिपोर्टात बहुधा लाल अक्षरांत 'हाय रिस्क' आणि पुढे 1:250 असा आकडा येतो. याचा अर्थ: अशाच आकड्याच्या 250 बायका उभ्या केल्या, तर त्यातल्या एकीच्या बाळाला तो सिंड्रोम असेल आणि 249 जणींच्या बाळांना नसेल. 'हाय' हा शब्द इतर आयांच्या तुलनेत आहे.

एक हिशेब करून बघू. समजा 10,000 बायका आहेत आणि हजारात एका बाळाला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे एकूण 10 बाळांना. आपली तपासणी त्या दहांतली नऊ पकडते. पण तीच तपासणी निरोगी बाळांपैकी 5 टक्के बाळांनाही संशयित ठरवते. 9,990 चे 5 टक्के म्हणजे जवळजवळ 500. आता संशयित किती? 509. त्यातले खरे किती? 9. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या छप्पन्न-सत्तावन्न आयांमागे एकीच्या बाळाला सिंड्रोम. आणि दहावं बाळ 'कमी जोखीम' म्हणून सुटून गेलं. तपासणी चांगली असूनही हे होतं, कारण ज्या गोष्टीला आपण शोधतोय तीच दुर्मिळ आहे.

म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी 'शंभर टक्के सगळं ठीक' असं डॉक्टर लिहून देत नाहीत. एडवर्ड्स आणि पटाऊची बहुतेक बाळं चांगल्या सोनोग्राफीत नजरेला येतात, कारण त्यांच्यात एकाच वेळी बरंच काही बिघडलेलं असतं. डाऊन सिंड्रोमची काही बाळं मात्र पाचव्या महिन्यात अगदी इतर बाळांसारखी दिसतात.

खात्री कशाने होते

दहाव्या आठवड्यापासून आईच्या रक्तातून एनआयपीटी करता येते. आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात, ते मोजतात. हे तुकडे सापडले ते 1997 मध्ये डेनिस लो यांच्या संशोधनातून. डाऊन सिंड्रोमसाठी ही तपासणी फारच चांगली आहे, पण तीही चाळणीच. डीएनए वारेचा असतो, आणि वार व बाळ यांची गुणसूत्रं क्वचित वेगळी निघतात.

खात्री होते ती पेशी घेऊनच. 11 ते 14 आठवड्यांत वारेचा कण घेतात किंवा 15 आठवड्यांनंतर गर्भजल. दोन्हींत सुई सोनोग्राफी बघतच घालतात. गर्भपाताचा धोका अनुभवी हातात कमी, साधारण दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी. पण शून्य नाही, म्हणून ही तपासणी सरसकट करत नाहीत.

आणि मोजणी 46 आली तरी सगळे सिंड्रोम बाद होत नाहीत. 22 क्रमांकाच्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असेल तर संख्या बरोबरच येते, बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्यांत मात्र दोष दिसतो. त्यासाठी मायक्रोअ‍ॅरेसारखी बारीक तपासणी लागते. नूनन सिंड्रोममध्ये मानेमागची पट्टी जाड असते आणि गुणसूत्रं पूर्ण असतात, कारण बिघाड एका जनुकात असतो. पुस्तकाची पानं मोजून भरली म्हणजे आत छपाईची चूक नाही असं होत नाही.

नावं कुणाची

या सिंड्रोमना ज्यांची नावं आहेत ते वर्णन करणारे डॉक्टर आहेत. डाऊन यांनी 1866 साली या मुलांना एका वंशाच्या नावाने हाक मारली, आणि ती अपमानास्पद हाक शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिली. 1961 मध्ये काही शास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून ती सोडायला सांगितली, 1965 मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही ती सोडली.

1959 मध्ये पॅरिसमध्ये या मुलांत 47 गुणसूत्रं असल्याचं जाहीर झालं. निबंधावर पहिलं नाव जेरोम लज्यून यांचं. पेशी वाढवण्याचं तंत्र बसवणाऱ्या मार्थ गोतिए यांचं नाव दुसरं, आणि तेही चुकीच्या स्पेलिंगने छापलेलं. त्यांच्या कामाचं श्रेय फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने स्पष्ट मान्य केलं ते 2014 मध्ये. लज्यून श्रद्धाळू कॅथलिक होते. आपल्या शोधाचा उपयोग ही मुलं जन्माआधीच टाळण्यासाठी होतोय याचं दुःख त्यांना आयुष्यभर राहिलं आणि ते त्याविरुद्ध जाहीर बोलत राहिले. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'आदरणीय' ही पदवी दिली.

कळल्यावर काय

हा प्रश्न टाळून लेख संपवणं बरोबर नाही. आपल्या देशात गर्भजल तपासणी 1970 च्या दशकात गुणसूत्रांचे दोष शोधायला आली आणि लवकरच पोटात मुलगी आहे का हे शोधायला वापरली जाऊ लागली. महाराष्ट्राने 1988 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, 1994 मध्ये देशाचा कायदा आला, 2003 मध्ये तो कडक झाला. म्हणून प्रत्येक सोनोग्राफीआधी तो लांबलचक फॉर्म असतो आणि लिंग सांगत नाहीत. गर्भातले दोष शोधायला मात्र तोच कायदा परवानगी देतो. 2021 च्या दुरुस्तीनुसार काही परिस्थितींत 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, आणि गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर त्यानंतरही.

मी कॅथलिक घरात वाढले, याबाबत चर्चची शिकवण काय हे आपल्या कॉलेजात वेगळं सांगायला नको. पण हा लेख वाचणारे सगळे त्या शिकवणीतले नाहीत, आणि निर्णय ज्यांच्या घरात आहे त्यांचं ओझं बाहेरच्याला उचलता येत नाही. मला एवढंच नोंदवायचं आहे की आधी कळण्याचा उपयोग एकच नाही. आतडं बंद आहे हे आधी कळलं तर बाळंतपण नवजात बाळाची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात ठरवता येतं. हृदयाचा दोष आधी कळला तर जन्मल्या दिवसापासून औषध मिळतं. एडवर्ड्स किंवा पटाऊ असेल तर दहांतली नऊ बाळं पहिला वाढदिवस पाहत नाहीत, तेव्हा जे थोडे दिवस मिळतील ते कसे घालवायचे याची तयारी करता येते. आणि डाऊन सिंड्रोम असेल तर आईबापांना चांगला डॉक्टर, शाळा, तशीच मुलं असलेली दुसरी कुटुंबं शोधायला चार महिने मिळतात. प्रगत देशांत डाऊन सिंड्रोम असलेली माणसं आता सरासरी साठीच्या आसपास जगतात.

उद्या तुमच्यापुढे असा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न लिहून न्या. आठवडे कशावरून धरलेत, पाळीच्या तारखेवरून की पहिल्या सोनोग्राफीवरून? कारण तारीख चुकली तर 'बाळ लहान' हेही चुकतं. सापडलेली गोष्ट खूण आहे की व्यंग? एकटी आहे की सोबत आणखी काही आहे? आधीच्या तपासण्या धरून आता शक्यता किती? खात्री करायची तर कुठली तपासणी, कधीपर्यंत, आणि त्यात धोका किती?

आणि घरी सांगताना शब्द जपून वापरा. 'फोकस' म्हणजे ठिपका, डाग नव्हे. 'मार्कर' म्हणजे खूण, दोष नव्हे. 'रिस्क' म्हणजे शक्यता, निकाल नव्हे. 'नॉट सीन' म्हणजे दिसलं नाही, ते नाहीच असं नव्हे, कदाचित बाळ पाठ करून झोपलं असेल. रिपोर्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा, जे नीट आहे म्हणून लिहिलंय तेही मोठ्याने वाचा. आणि ऐकणारी बाई सोबत कोण असताना ऐकू इच्छिते, ते आधी तिला विचारा.